व्हाळापलीकडच्या वाडीत वाय-फाय: ओपनडब्ल्यूआरटीच्या नोंदी

वाडी कुडाळ तालुक्यात. मधून व्हाळ (ओढा) जातो. अलीकडे रस्त्याला लागून मंडळाची खोली आणि चार घरं, पलीकडे चढावर नऊ घरं. फायबर रस्त्यापर्यंत आलंय, पण व्हाळ ओलांडून नऊ घरांसाठी कुणी केबल टाकत नाही. पलीकडच्या पोरांना कॉलेजचे फॉर्म भरायचे तर आंब्याखाली एका ठरावीक दगडावर उभं राहून रेंज शोधावी लागायची. म्हणून अलीकडची एकच जोडणी जुन्या राउटरांवरून साऱ्या वाडीत वाटायचं ठरवलं. त्यासाठी राउटरांत कंपनीच्या फर्मवेअरऐवजी (राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत फर्मवेअर घालायचं. मी नोकरीला कुडाळात असतो, म्हणून सगळं काम शनिवार-रविवारी. जे चुकलं ते जास्त लिहिलंय, कारण दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर त्याचाच उपयोग होईल.

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार

पाहणी केली. मंडळाच्या खोलीच्या स्लॅबवरून पलीकडच्या माईंचं घर स्वच्छ दिसतं. नकाशावर अंतर मोजलं, ४२० मीटर. मध्ये व्हाळ आणि डाव्या अंगाला देवराईची कड. तात्या खाली खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "आता दिसता. पावसात तां घर हयसून दिसाचां नाय." मला वाटलं, ते धुक्याबद्दल आणि पावसाच्या सरींबद्दल बोलतायत. मी त्यांना समजावलं की एवढ्याशा अंतरात पाऊस रेडिओलहरींना अडवत नाही. वहीत "दृष्टिरेषा: उत्तम" लिहिलं आणि पुढे गेलो.

११ फेब्रुवारी

मंडळाची बैठक. ५० एमबीपीएसची एक जोडणी मंडळाच्या नावाने घ्यायची आणि तेरा घरांत वाटायची. घरोघरी इंटरनेट वाटणं बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही, म्हणून इथल्या जोडणीवाल्याशी आधीच बोललो आणि संमती कागदावर घेतली. त्याला मी दोन आठवडे दिले होते, लागले पाच दिवस. हे आधी करा. राउटर घेऊन झाल्यावर नकार आला तर पैसे गेले.

खरा प्रश्न काकांनी विचारला. २००८ साली अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळची ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेली होती आणि पोलीस त्या घरी पोचले होते. "तसं इथे झालं तर मी काय सांगू?" रास्त भीती आहे. ठरलं ते असं: उघडं वाय-फाय कुठेही नाही, प्रत्येक राउटरचा पासवर्ड वेगळा, आणि कोणतं घर कोणत्या राउटरवर आहे ते मंडळाच्या वहीत सहीनिशी.

असं होऊ शकतं यावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून स्पेनमधल्या कातालोन्याचं उदाहरण दिलं. तिथल्या गावांत कंपन्या येईनात, म्हणून २००४ पासून लोकांनीच छपरावर ॲंटेना लावत गुइफी नावाचं जाळं उभं केलं. आपल्याकडे पालघरच्या गावांत आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने काम केलंय. पालघरचं नाव काढल्यावर लोक सावरून बसले. कातालोन्या फार लांब आहे.

१७ फेब्रुवारी

मावसभाऊ कोकणकन्येने आला, येताना लॅमिंग्टन रोडवरून पाच जुने राउटर घेऊन. चार निघाले टीपी-लिंक आर्चर सी-७, आवृत्ती ५, प्रत्येकी १,३०० रुपये. १६ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा), १२८ एमबी रॅम, या कामाला पुरेसे. पाचवा डब्ल्यूआर-८४१एन, ७०० रुपयांचा: ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅम. एवढ्या लहान राउटरांचा आधार ओपनडब्ल्यूआरटीने १९.०७ नंतर काढून घेतलाय. ७०० रुपये वाया. दुकानात उभं असतानाच पाठीवरच्या स्टिकरचा फोटो मागवायला हवा होता. नाव तेच असलं तरी आवृत्तीचा आकडा बदलला की आतलं सामान बदलतं.

ओपनडब्ल्यूआरटी २३.०५.२ टाकलं. कंपनीच्या फर्मवेअरवरून जाताना "फॅक्टरी" नावाची फाइल, नंतर अपडेटला "सिसअपग्रेड". पहिला राउटर दहा मिनिटांत झाला. वाय-फाय मुळात बंद असतं आणि पासवर्ड नसतो, म्हणून लॅन केबल लावूनच सुरुवात.

मग इंटरनेटच येईना. दीड तास गेला. जोडणीवाल्याचं यंत्र १९२.१६८.१.१ वर, आणि ओपनडब्ल्यूआरटीसुद्धा मुळात त्याच पत्त्यावर. दोन्ही बाजूंना एकच पत्ता असल्यावर राउटरने जायचं कुठे? आपला बदलून १०.२०.१.१ केला आणि लगेच चालू झालं.

१८ फेब्रुवारी

तिसऱ्या राउटरवर फाइल चढत असताना लाइट गेली. परत आली तेव्हा राउटरचा एकच दिवा मिणमिणत होता, बाकी सगळं शांत.

टीएफटीपीने, म्हणजे केबलवरून थेट फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने, परत आणता येतो. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.६६ करायचा, फॅक्टरी फाइलला त्या मॉडेलचं ठरलेलं रिकव्हरी नाव द्यायचं, रिसेटचं बटण दाबून धरून राउटर चालू करायचा. सात वेळा केलं, काही नाही. फायरवॉल बंद केली, तरी नाही. शेवटी कळलं की विंडोज फाइलनावाचं शेपूट लपवतं. मी नाव देताना शेवटी "बिन" लिहिलं आणि ते आधीच होतं, म्हणून झालं "बिन" दोनदा. शेपूट दाखवायची सोय चालू केली, नाव सुधारलं, आणि आठव्या वेळेला दिवे लागले. चार तास.

तेव्हापासून नियम: फर्मवेअर चढवताना राउटर आणि लॅपटॉप दोन्ही बॅटरीवर.

२४ फेब्रुवारी

आज मेश, म्हणजे राउटरांनी केबलशिवाय एकमेकांना जोडून केलेलं जाळं. राउटर एकमेकांशी ८०२.११एस या वाय-फाय मानकाने बोलणार आणि वर रस्ता शोधायला बॅटमॅन. हा प्रोटोकॉल बर्लिनच्या फ्रायफुंक मंडळींच्या कामातून आलाय. छपराछपरांवरचे राउटर जोडणं हेच त्यांचं काम, म्हणजे आपल्यासारखीच गरज.

पासवर्ड न घालता मेश लगेच जुळलं, घातल्यावर तुटलं. कारण ओपनडब्ल्यूआरटीत मुळात येणारं "डब्ल्यूपॅड-बेसिक" हे पॅकेज सुरक्षित मेश करतच नाही. ते काढून "डब्ल्यूपॅड-मेश" घालावं लागतं. मी वाय-फायवरूनच आत शिरून ते काढलं, आणि काढताक्षणी वाय-फाय गेलं. ज्या फांदीवर बसलो होतो तीच तोडली. केबल वर माईंच्या ओटीवर राहिली होती, ती आणायला व्हाळ ओलांडून गेलो.

नंतर कळलेला सोपा मार्ग: ओपनडब्ल्यूआरटीच्या फर्मवेअर सिलेक्टरमध्ये मॉडेल निवडून हवी ती पॅकेजं तिथेच लिहायची, आणि ती आत बसवलेली फाइल उतरवून घ्यायची. लहान फ्लॅशच्या यंत्रात जागाही वाचते. सगळे राउटर पुन्हा त्या फाइलने केले.

आणखी दोन गोष्टी. चॅनेल "ऑटो" ठेवू नका, मेशमधल्या सगळ्यांचा चॅनेल एकच लागतो. आणि मेशच्या इंटरफेसचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १५३२ करा, नाहीतर बॅटमॅन प्रत्येक मोठ्या पाकिटाचे तुकडे करतो आणि वेग पडतो.

२ आणि ३ मार्च

चार राउटर घराघरांत ठेवून मोजणी. मंडळाच्या खोलीत ४८ एमबीपीएस. एका उडीवर (एका राउटरवरून पुढच्यावर) ३१, दोन उड्यांवर १३, तिसऱ्यावर ६. एकाच रेडिओने ऐकायचं आणि त्यानेच पुढे सांगायचं, म्हणून प्रत्येक उडीला वेग निम्म्याच्या आसपास येतो. हे वाचलेलं होतं, पण चिऱ्याच्या भिंती मी धरल्या नव्हत्या. दीड फूट जाडीचा जांभा, पलीकडे पुन्हा तेवढाच. ५ गिगाहर्ट्झ एका भिंतीतच संपतो.

म्हणून आराखडा बदलला. अलीकडच्या घरांना लॅन केबल, मेश फक्त पलीकडच्या तीन राउटरांत, आणि व्हाळ ओलांडायला दोन दिशादर्शक ॲंटेना. केबल ओढायला अर्धा दिवस लागतो आणि नंतर तिच्याकडे बघावं लागत नाही. जिथे केबल जाते तिथे मेश लावू नये, असं माझं आता ठाम मत आहे.

त्याच रविवारी काही फोन "जोडलेलं आहे, इंटरनेट नाही" असं दाखवत होते, काही बरे होते. चारही राउटर आपापला डीएचसीपी चालवत होते. पत्ते वाटायचं काम फक्त मंडळाच्या खोलीतल्या राउटरकडे ठेवलं, बाकीच्यांचं बंद केलं.

१६ मार्च

व्हाळ ओलांडायचे दिशादर्शक ॲंटेना, टीपी-लिंक सीपीई-५१०, दोन आले, प्रत्येकी ४,२०० रुपये. त्यावरही ओपनडब्ल्यूआरटी बसतं. देश "भारत" निवडला, चॅनेल १४९. लहरींच्या या पट्ट्याला २०१८ पासून परवाना लागत नाही, पण ताकदीची मर्यादा ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॅट आहे. यंत्राचे २३ अधिक ॲंटेनाचे १३, बरोबर ३६. त्याहून वर नेऊ नका.

संध्याकाळी सगळ्यात महाग चूक केली. सीपीईला त्याच केबलमधून २४ व्होल्ट जातात. सोबतचा इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा डबा) मी कुडाळला विसरलो होतो. ओळखीच्या सीसीटीव्हीवाल्याकडून एक आणला आणि जोडला. तो ४८ व्होल्टचा होता. जळका वास आला आणि सीपीई गेला. इंजेक्टरवर आकडा ठळक छापलेला होता, मी वाचला नाही. आता प्रत्येक इंजेक्टरवर लाल पट्टी चिकटवून वर मार्करने व्होल्ट लिहितो.

२३ मार्च

नवा सीपीई आला. शिमग्याच्या आधी काम उरकायचं म्हणून घाईत बांबूवर लावले. उद्या होळी, मग पालखी घरोघर फिरेल, आठवडाभर कुणाला वेळ नाही.

सिग्नल उणे ५६ (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). पण दुपारी वारा सुटला की दर मिनिटाला तुटतो. बांबू डुलतो आणि ॲंटेनाचं तोंड फिरतं. संध्याकाळी वारा पडला की ठीक. यंत्रात दोष समजून एक तास सेटिंग चाळण्यात घालवला. मग बाहेर येऊन वर बघितलं.

१३ आणि १४ एप्रिल

दोन्हीकडे दीड इंची जीआय पाइप, प्रत्येकी १,७०० रुपये, क्लॅम्पने भिंतीला आवळलेले. सिग्नल उणे ५४, हलत नाही. वरच्या वाडीत पहिल्यांदा ४४ एमबीपीएस.

माईंच्या ओटीवर बसून त्यांच्या नातवाला मुंबईला व्हिडिओ कॉल लावून दिला. माईंनी फोन कानाला धरला. मी तो हळूच त्यांच्या तोंडासमोर आणला. नातू म्हणाला, "आजी, दिसतेस गो." त्या काही बोलल्या नाहीत, पदराने स्क्रीन पुसली आणि परत बघितलं.

११ मे

लाइट रोज जाते, म्हणून सगळीकडे मिनी यूपीएस. आर्चरला १२ व्होल्टचा, १,३५० रुपये. सीपीईला २४ व्होल्ट पीओई (लॅन केबलमधूनच वीज) देणारा वेगळा लागतो, २,१०० रुपये. दोन्ही साधारण तीन तास काढतात.

गुरुवारी वळवाच्या पावसात जवळच वीज पडली. मंडळाच्या खोलीतल्या राउटरचं एक लॅन पोर्ट मेलं, बाकीची शाबूत. अर्थिंग "नंतर करू" म्हणून ठेवलं होतं. आज खड्डा खणून मीठ-कोळसा भरून दांडा पुरला, पाइप आणि केबलचं कवच दोन्ही त्याला जोडले. वरच्या बाजूलाही.

२२ जून

पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले. सिग्नल उणे ५४ वरून ६३. कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल म्हणून सगळे उघडून पुसले, नवी टेप गुंडाळली. वरच्या सीपीईच्या झाकणात लाल मुंग्यांनी अंडी घातली होती, तीही काढली. काही फरक नाही.

६ जुलै

उणे ७९. दिवसातून वीस वेळा तुटतं. नवी केबल टाकली, इंजेक्टर बदलला, फर्मवेअर पुन्हा चढवलं. शेवटी पाऊस थांबला तेव्हा स्लॅबवर जाऊन माईंच्या घराकडे बघितलं.

घर दिसतच नव्हतं.

फेब्रुवारीत देवराईच्या कडेचे ऐन, किंजळ आणि साग निष्पर्ण होते. मी त्यांच्या फांद्यांमधून पलीकडे बघत होतो आणि ती मोकळी जागा समजत होतो. आता ते सगळे पालवलेत, पानं ओली, मध्ये हिरवी भिंत. तात्या पावसाबद्दल बोलत नव्हते, झाडांबद्दल बोलत होते. मी त्यांना रेडिओ समजावून सांगितला होता.

खाली जाऊन माफी मागितली. मग विचारलं ते फेब्रुवारीतच विचारायला हवं होतं: बारा महिने दोन्ही घरं कुठून दिसतात? त्यांनी विचारसुद्धा केला नाही. "सड्यावरसून दोनय घरां दिसतत. बारा म्हयने." सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला त्यांच्या भावाचं घर आहे, एरवी बंद, पण मीटर चालू.

देवराईतली फांदी तोडायचा प्रश्नच नाही. कुणी सुचवलंही नाही.

२० आणि २१ जुलै

सड्यावर तिसरा पाइप, दोन सीपीई: एक मंडळाच्या खोलीकडे, एक माईंच्या घराकडे. दोघांचे इंजेक्टर आत एका लहान केबलने जोडलेले. चॅनेल वेगळे ठेवले, १४९ आणि १६१, नाहीतर एकाच पाइपवर बसून एकमेकांना त्रास देतात. खालचा सिग्नल उणे ५७, वरचा उणे ५५. पलीकडे ४३ एमबीपीएस, मुसळधार पावसात मोजलेले.

जादा खर्च १४,३०० रुपये. यात दोन सीपीई, पाइप आणि दोन यूपीएस.

मार्चमध्येच व्हाळावरून फायबर ओढली असती तर? हा हिशेब मी आता केला. केबल आणि दोन टोकांची यंत्रं मिळून याहून स्वस्त पडलं असतं. पण वाटेत सहा जणांच्या जमिनी, आणि पावसात मोडणाऱ्या फांद्या केबलवरच पडणार. तरी ज्यांचा रस्ता मोकळा आहे त्यांनी आधी हा हिशेब करावा.

३ ऑगस्ट

आजवरचा खर्च, जळलेलं आणि वाया गेलेलं धरून: आर्चर पाच (पाचवा मार्चमध्ये घेतला) ६,५००, सीपीई पाच २१,०००, केबल १२० मीटर ३,८४०, पाइप ५,१००, यूपीएस १५,१५०, अर्थिंग-क्लॅम्प-कनेक्टर ३,२००, आणि तो ८४१एन ७००. एकूण ५५,४९०. निम्मे मंडळाचे, निम्मे मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीतून. महिन्याला घरामागे १०० रुपये. जोडणीचं बिल जाऊन उरतं ते दुरुस्तीला.

६ ते १२ सप्टेंबर

गणपती. सगळी घरं भरली. शनिवारी रात्री गेटवेवर (मंडळाच्या खोलीतल्या मुख्य राउटरवर) ६१ फोन मोजले. प्रत्येक घरातून आरतीचे व्हिडिओ वर चढतायत आणि साधं पान उघडायला पंधरा सेकंद लागतायत. पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, ७०० मिलिसेकंदांवर.

वेग कमी नव्हता, एकेका फोनचं मोठं काम बाकीच्यांची वाट अडवत होतं. गेटवेवर एसक्यूएम (सगळ्यांना आळीपाळीने वाट देणारी सोय) बसवलं, प्रकार केक, मर्यादा ४५ एमबीपीएस दोन्ही बाजूंना, म्हणजे जोडणीपेक्षा थोडी कमी. पिंग ४० च्या खाली आलं. हे एप्रिलमध्येच करायचं होतं, दहा मिनिटांचं काम आहे.

२८ सप्टेंबर

माईंच्या घरचा राउटर काल बंद पडला, अडॅप्टर गेला. मी कुडाळात होतो. शाळेच्या कपाटात एक जादा अडॅप्टर आणि प्रत्येक राउटरच्या सेटिंगचा बॅकअप पेन ड्राइव्हवर ठेवलाय, आणि प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आत त्याचा पत्ता आणि व्होल्ट लिहिलेला कागद. माईंच्या सुनेने फोन केला तो काम झाल्यावर. झाकण उघडून "१२ व्होल्ट" वाचलं, शाळेतून तेवढ्याच व्होल्टचा आणला, लावला. तिने मला एवढंच विचारलं, की जुना अडॅप्टर फेकायचा की वहीत लिहून ठेवायचा.

वहीत लिहायला सांगितलं.